आधी बोलणं, मग तलवार

एप्रिल २०१० मध्ये ‘कातानागातारी’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेने आपल्या प्रेक्षकांना सरळ हुलकावणी दिली. मालिका महिन्यातून एकदाच दिसायची, एकेक भाग सुमारे पन्नास मिनिटांचा. मार्चच्या भागाअखेरीस पुढच्या भागाची झलक दाखवली होती. देशातला सर्वांत बलाढ्य तलवारबाज म्हणून ज्याची ख्याती, तो साबी हाकुहेई आता नायकासमोर उभा ठाकणार, असं ती झलक पाहून कोणालाही वाटावं. कथेत या झुंजीसाठी निवडलेलं स्थळही तसंच मानाचं, गानऱ्यूजिमा बेट. मियामोतो मुसाशी आणि सासाकी कोजिरो यांचं १६१२ मधलं द्वंद्व याच बेटावर झालं असं जपानी परंपरा सांगते. तलवारीच्या गोष्टींसाठी याहून मोठं मैदान त्या देशात नाही. लोक महिनाभर थांबले. भाग सुरू झाला तो भलत्याच बेटावर, नायकाच्या आजारी बहिणीच्या घरापाशी. तिला ओलीस धरायला तीन निंजा आले होते आणि जवळजवळ सगळा भाग त्यांच्यातच गेला. नायक-नायिका दिसले ते अगदी शेवटी, झुंज उरकल्यावर, ती किती थरारक झाली याच्या गप्पा मारताना. साबी हाकुहेई हरला होता. कसा हरला ते तेव्हा दाखवलं नाही आणि पुढेही कधी दाखवलं नाही.

या भागावरून उठलेला वाद अजून मिटलेला नाही. मालिकेबद्दल कुठेही चर्चा निघाली की गाडी या चौथ्या भागावर येतेच. एका बाजूचं म्हणणं, तलवारबाजीची मालिका म्हणवता आणि तलवारबाजीच गाळता, ही प्रेक्षकाची चेष्टा आहे. दुसऱ्या बाजूला ही मालिकेतली सर्वांत धीट खेळी वाटते. पण दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत आहेत: या मालिकेत माणसं लढतात त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतात. प्रवासात बोलतात, जेवताना बोलतात, लढाईच्या आधी बोलतात आणि मरतानाही बोलतात. एकाला नेमका याचाच कंटाळा येतो आणि दुसरा याचसाठी मालिका पुन्हा लावतो. तलवारीच्या गोष्टीत बोलण्याची जागा कोणती, हा प्रश्न या एका मालिकेपुरता नाही. जपानी सिनेमा आणि अ‍ॅनिमे तो कधीपासून सोडवत आले आहेत. पण या मालिकेने तो जितका ताणला, तितका फार थोड्यांनी ताणला असेल.

मूळ कथा निशिओ इशिन या लेखकाची. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने २००७ मध्ये ‘ताइगा कादंबरी’ नावाचा उपक्रम केला. एकच कथा, जानेवारी ते डिसेंबर, दर महिन्याला एक खंड, असे बारा खंड. ‘ताइगा’ म्हटलं की जपानी माणसाला एनएचकेची १९६३ पासून चालत आलेली, वर्षभर दर रविवारी दिसणारी ऐतिहासिक मालिका आठवते. निशिओने तिची मोजपट्टी उचलली आणि इतिहास मात्र स्वतःचा बनवला. अ‍ॅनिमेनेही महिन्याचा हप्ता तसाच ठेवला, जानेवारी ते डिसेंबर २०१०. त्याच वर्षी एनएचकेवर साकामोतो र्‍योमावरची ‘र्‍योमादेन’ चालू होती. एकाच वर्षात एका वाहिनीवर खऱ्या इतिहासाची गोष्ट आणि दुसरीकडे कल्पित इतिहासाची, दोन्ही वर्षभर पुरणाऱ्या. निर्मिती व्हाइट फॉक्स या तेव्हा अगदी नव्या स्टुडिओची. हाच स्टुडिओ पुढच्याच वर्षी ‘स्टाइन्स गेट’मुळे जगभर गाजला. दिग्दर्शन केइतारो मोतोनागा यांचं, पटकथेची जबाबदारी माकोतो उएझू यांच्याकडे, संगीत ताकु इवासाकी यांचं.

कथेतल्या जपानवर खऱ्या इतिहासातल्यासारखं तोकुगावा घराण्याचं राज्य नाही. तिथे शोगुनची गादी ओवारी प्रांतात, म्हणजे आजच्या नागोयाच्या परिसरात आहे. फार पूर्वी शिकिझाकी किकी नावाच्या लोहाराने एक हजार तलवारी घडवल्या, त्यांतल्या बारा सर्वांत परिपूर्ण मानल्या गेल्या. त्या गोळा करण्याचं काम तोगामे नावाच्या तरुण स्त्रीकडे येतं. ती शोगुनशाहीची डावपेचकार आहे. पांढरेशुभ्र केस, शरीराने दुबळी आणि जिभेने अखंड चालू. याआधी तिने पैशासाठी काम करणारे निंजा पाठवले, ते तलवार घेऊन पळाले. मग मानसन्मानासाठी लढणारा साबी हाकुहेई पाठवला, तोही तलवार घेऊन गेला. तेव्हा तिसऱ्या खेपेला ती प्रेमासाठी लढणारा माणूस शोधत एका निर्जन बेटावर पोचते. तिथे यासुरी शिचिका राहतो. त्याच्या घराण्याची विद्या तलवारीविना तलवारबाजी करण्याची, माणसाचं शरीर हेच पातं. सुमारे वीस वर्षं बेटावर काढलेल्या या माणसाला जगाची काही कल्पना नाही. तोगामे त्याला सांगते, माझ्या प्रेमात पड. तोही विचार करून हो म्हणतो.

पहिल्याच भागातला हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मालिकेची सगळी रीत त्यात आहे. इथे निष्ठेचा हिशोब उघड मांडला जातो. पैसा का पुरत नाही, मान का पुरत नाही, प्रेम पुरेल का, याची चर्चा दोन माणसं सौदा ठरवावा तशी करतात. आणि तोगामेने एक गोष्ट लपवलेली आहे, ती आपल्याला ठाऊक असते: तिच्या वडिलांनी शोगुनविरुद्ध बंड केलं होतं आणि त्यांना मारणारा वीर म्हणजे शिचिकाचा बाप. बापाला मरताना पाहून तिचे केस पांढरे झाले. त्यानंतर दोघांच्या प्रत्येक हलक्याफुलक्या संवादाखाली हे दडलेलं असतं. प्रेक्षकाने बोलण्याकडे कान दिला नाही, तर त्याला मालिकेतला ताण जाणवणारच नाही.

खऱ्या इतिहासाची सावलीही नीट ओळखू येते. तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडून शस्त्रं काढून घेण्याचं फर्मान काढलं आणि ते लोखंड क्योतोतल्या महाबुद्धाच्या मंदिरासाठी खिळे-कड्यांना वापरलं जाईल असं जाहीर केलं. कथेतही जुन्या शोगुनने तलवारी जमा करवल्या आहेत आणि तोसा प्रांतातल्या देवळात त्यांची बुद्धमूर्ती उभी आहे. तलवार हे माणसाच्या हातातलं बळ, आणि सत्तेला ते आपल्याकडे हवं, हा कथेचा पाया तिथून येतो.

आता परंपरेकडे वळतो, कारण ‘एवढं बोलणं जपानी तलवारपटाच्या स्वभावातच नाही’ असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो टिकत नाही. तलवारीच्या गोष्टी जपानी माणसापर्यंत पोचल्या त्या आधी कानांनी. कोदान सांगणारा कथेकरी छोट्या मेजामागे बसतो, पंख्याने मेजावर ठोका देतो आणि लढायांची वर्णनं करतो. आपल्याकडच्या शाहिराने डफावर थाप मारून पोवाड्यातली लढाई उभी करावी तसंच ते. लढाई दिसत नाही, ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती दिसण्यापेक्षा मोठी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कथांची स्वस्त पुस्तकं निघाली, मग मूकपट आले आणि त्यांच्याही शेजारी उभं राहून बोलणारे निवेदक होतेच. ‘कातानागातारी’तही एक निवेदिका आहे. ती प्रत्येक तलवारीची आणि माणसाची ओळख जुन्या कथेकऱ्याच्या थाटात करून देते.

सिनेमातही हीच रीत आढळते. कुरोसावाच्या ‘सेव्हन समुराई’ (१९५४) मधला क्यूझोचा प्रवेश आठवा. दोघे बांबूच्या काठ्यांनी लढतात. प्रतिस्पर्धी म्हणतो, बरोबरी झाली. क्यूझो शांतपणे सांगतो, खरी तलवार असती तर तू मेला असतास. वाद होतो, खऱ्या तलवारी येतात आणि वाद एका वारात संपतो. तिथे आपण पाहतो ते मतभेदाचा निकाल. मासाकी कोबायाशींचा ‘हाराकिरी’ (१९६२) तर याहून पुढे जातो. एक बेकार सामुराई एका सरदाराच्या वाड्यात येतो, पोट फाडून मरण्याची परवानगी मागतो आणि अंगणात बसून आपली हकीगत सांगू लागतो. चित्रपटाचा फार मोठा भाग म्हणजे हे सांगणं. त्याच्या गरीब जावयाला याच वाड्यात बांबूच्या पात्याने मरायला भाग पाडलं होतं. त्याचा सूड त्याने वाड्यात येण्याआधीच अर्धा उगवला आहे, हे आपल्याला बोलण्यातूनच कळतं. तलवारी निघतात त्या उशिरा. १९६३ मध्ये या चित्रपटाला कान महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं, आणि संथ म्हणून त्याला बाजूला सारण्याचं धाडस आज कोणी करणार नाही.

अर्थात दुसरी वाटही तितकीच खरी आहे. मासाहिरो आंदो यांचा ‘स्वॉर्ड ऑफ द स्ट्रेंजर’ (२००७) हा अ‍ॅनिमे चित्रपट जवळजवळ सगळं हालचालीतून सांगतो. त्यातल्या नायकाने आपली तलवार म्यानाला दोरीने बांधून ठेवली आहे; ती दोरी कधी सुटते, एवढ्यावर तुमचा श्वास अडकतो. तिथे शब्दांची गरजच नाही. ‘शिगुरुई’ (२००७) मध्ये एकेका वारासाठी इतकी वाट पाहायला लावतात की शांतताच असह्य होते. ‘रुरोनी केनशिन’ने नव्वदच्या दशकात तिसरी सवय लावली: लढता लढता बोलायचं, वार कसा केला ते सांगायचं, प्रतिस्पर्ध्याने चकित व्हायचं, मग पुढचा वार. किशोरांच्या साप्ताहिकांतून आलेल्या बहुतेक अ‍ॅनिमेंची ही घडण आहे आणि जगभरच्या प्रेक्षकाचा कान याच बोलण्याला सरावलेला आहे. ‘डीमन स्लेयर’ही त्याच घराण्यातली. तिचा २०२० चा चित्रपट जपानच्या इतिहासातला सर्वाधिक कमाईचा ठरला आणि २०२५ मध्ये तिचा पुढचा चित्रपट भारतातल्या थिएटरांत हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंगसह लागला. मुंबई-पुण्यातल्या कॉलेजच्या मुलांना जपानी तलवार म्हणजे काय हे प्रथम अशाच मालिकांनी शिकवलं आहे.

तेव्हा ‘फार बोलतात’ ही तक्रार जरा सोलून पाहिली पाहिजे. ‘डीमन स्लेयर’मध्येही माणसं भरपूर बोलतात. ऐन लढाईत बालपणीच्या आठवणी निघतात. फरक असा की तिथलं बोलणं लढाईच्या आत असतं, लढाईला इंधन पुरवतं. ‘कातानागातारी’त बोलणं आधी होतं, सावकाश होतं, आणि लढाई आली की ती पटकन संपते. प्रेक्षक चाळीस मिनिटं ज्याची वाट पाहतो ते दोन-चार मिनिटांत आटोपतं. त्याचा हिरमोड खोटा नाही. फक्त मालिकेने ताण कुठे ठेवला आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

दुसऱ्या भागात शिचिका आणि तोगामे इनाबाच्या वाळवंटातून चालत एका ओसाड किल्ल्याकडे जातात. वाटभर चर्चा कसली, तर शिचिकाला स्वतःचं असं एखादं ठेवणीतलं वाक्य हवं. तोगामेला या मोहिमेचा अहवाल लिहायचा आहे आणि हा माणूस कागदावर उतरवायला फार बेचव आहे, अशी तिची तक्रार. ती वाक्यं सुचवते, तो म्हणून पाहतो, जमत नाही. पहिल्यांदा पाहताना हे लांबण लावल्यासारखं वाटतं. मग ते किल्ल्यात शिरतात. उनेरी गिंकाकू एका दालनात एकटा बसलेला आहे. उंबरठा ओलांडून त्याच्या टप्प्यात जो येईल त्याचे दोन तुकडे होतात. तलवार बाहेर येताना दिसत नाही, फक्त म्यानात परत गेल्याचा आवाज येतो. उंबरठ्याअलीकडे उभं राहून तोगामे त्याच्याशी बोलते. राखायला कोणी उरलं नाही अशा जागी हा माणूस का बसून आहे, हा प्रश्न त्या दालनात तलवारीपेक्षा जड होतो. झुंजीच्या भरात तो वेग वाढवण्यासाठी स्वतःचंच रक्त पात्याला लावतो. आणि तो पडतो तेव्हा वाटेतल्या त्या थट्टेचा अर्थ लागतो. शिचिकाकडे वाक्य नव्हतं कारण त्याच्याकडे ‘मी’ नव्हता. गिंकाकूकडे निदान राखायला काहीतरी होतं.

तिसऱ्या भागात इझुमोच्या देवळात हजार तलवारी आहेत आणि त्या हजार स्त्रियांच्या हाती आहेत. जगाने मोडून टाकलेल्या बायका तिथे आश्रयाला आल्यात आणि त्या तलवारींच्या आधाराने सावरताहेत. तलवारी नेल्या तर त्यांचं काय होणार? या प्रश्नावर लढाईआधी रीतसर बोलणी होतात, अटी ठरतात. देवळाची प्रमुख त्सुरुगा मेईसाई शिचिकाला माणूस मारण्याबद्दल विचारते आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. तो तिला मारतो. उत्तर नसताना मारतो, हे मालिका विसरत नाही आणि पुढे त्यालाही विसरू देत नाही.

माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत देखणा पुरावा नवव्या भागात आहे. स्थळ तेंदो. खऱ्या जपानमध्ये हे यामागाता प्रांतातलं गाव शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या सोंगट्यांसाठी प्रसिद्ध आहे. दर वसंतात तिथे माणसांनाच सोंगट्या करून डाव मांडतात. कथेत तिथल्या आखाड्याची प्रमुख आहे किगुची झांकी आणि तिच्याकडची तलवार लाकडी आहे. ती आखाड्याच्या नियमांनीच लढणार. नियमांत बांधलेला शिचिका तिच्यापुढे चालत नाही. शेवटी तोगामे मार्ग काढते. सामना सुरू असताना ती शेजारी बसून शोगीच्या चाली मोठ्याने म्हणू लागते. झांकी हाडाची शोगीपटू, तिच्या डोक्यात आपोआप डाव मांडला जातो आणि एका क्षणापुरतं लक्ष विचलित होतं. तेवढ्यात निकाल लागतो. इथे बोलण्यानेच वार केला. ज्यांना हा भाग फिका वाटतो त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही.

दहावा भाग याहून कठीण. हिगाकी रिन्ने नावाचा ऋषी समोरच्याला ज्याचं ओझं वाटतं त्याचं रूप घेऊन भेटतो. त्याच्याकडची तलवार म्हणजे नुसती मूठ, पातंच नाही. लढाई जवळजवळ नाहीच. तोगामेला तिथे आपल्या बापाच्या मरणाकडे पुन्हा पाहावं लागतं. अनेक प्रेक्षक इथे गळतात, आणि ते मी समजू शकतो. वर्षाच्या अखेरीस, शेवट तोंडावर आलेला असताना, हा भाग पाऊल मागे घेतो. पण हा भाग काढला तर बाराव्या भागातली तोगामे कळत नाही.

आता दोष. ते आहेत आणि थोडे नाहीत. पाचव्या भागातला चिलखतधारी समुद्री चाचा तोगामेला लग्नाची मागणी घालतो आणि त्यावरून शिचिकाचा मत्सर फुलतो, एवढ्यावर पन्नास मिनिटं खेचली आहेत. तोगामेचं लाडिक वागणं, तिची चुकीची रणगर्जना आणि फटके देण्याची सवय वारंवार येते. सहाव्या-सातव्या खेपेला ती वापरून झिजलेली वाटते. तलवार घेऊन पळालेल्या त्या मानिवा निंजांची टोळी मोठ्या थाटात येते आणि त्यातल्या एकेकाला नाव, विद्या, थोडं दुःख देऊन मारून टाकलं जातं. लेखकाला त्यांचं पुरेसं काही पडलेलं नाही हे जाणवतं. शिकिझाकीने इतिहासच बदलण्याचा घाट घातला होता हा उलगडा इतक्या उशिरा येतो की त्याचा भार कथेला पेलत नाही. आणि बोलणं जेव्हा पोकळ असतं तेव्हा कॅमेऱ्यासमोर दोन माणसं बसून राहतात, चित्र थांबल्यासारखं होतं. निशिओच्याच कथेवरच्या ‘बाकेमोनोगातारी’ने (२००९) अशा जागी रंग, अक्षरं आणि तुटक चौकटींचा मारा करून बोलणं डोळ्यांनाही गुंतवणारं केलं होतं. मोतोनागांनी तो मार्ग घेतला नाही. त्यामुळे एक वर्ष आधी ‘बाकेमोनोगातारी’ पाहून आलेल्यांना ही मालिका साधी आणि संथ वाटली.

चित्रशैलीवरही दोन तट पडले. मूळ पुस्तकांचे चित्रकार ताके यांची रेखाटनं सपाट, जाड बाह्यरेषांची, गडद रंगांची. अ‍ॅनिमेने ती तशीच उचलली. काहींना हे लहान मुलांच्या पुस्तकासारखं वाटलं आणि इतक्या रक्तपाताला न शोभणारं. मला यात मोठा शहाणपणा दिसतो. चेहरे साधे असल्याने आवाजांकडे लक्ष जातं. तोगामेला आवाज युकारी तामुरा यांचा, धबधब्यासारखा. शिचिकाला योशिमासा होसोया यांचा, झोपेतून उठल्यासारखा जड. या दोन लयींच्या जोडीवर मालिका उभी आहे. संगीत मात्र सगळ्यांनाच आवडलं. इवासाकींनी पारंपरिक वाद्यांशेजारी आधुनिक ठेके बेधडक बसवले, आणि बारा भागांना बारा वेगळी शेवटची गाणी होती.

त्याच २०१० मध्ये ‘हाउस ऑफ फाइव्ह लीव्ह्ज’ ही आणखी एक एदोकालीन मालिका आली, नात्सुमे ओनो यांच्या मांगावरून. त्यातला नायक मासा हा बुजरा, नोकरी गेलेला सामुराई. त्याला पदरी ठेवतो तो अपहरण करणाऱ्या टोळीचा म्होरक्या. तलवार तिथे क्वचितच निघते, सगळी कथा संवादांची. तरी तिच्यावर ‘लढाई का नाही’ असा राग कोणी धरला नाही. तिने लढाईचं आश्वासनच दिलं नव्हतं. ‘कातानागातारी’ने ते दर महिन्याला दिलं: बारा तलवारी, बारा योद्धे, नावासकट यादी. प्रेक्षकाच्या रागाचं मूळ या आश्वासनात आहे, बोलण्यात नाही. म्हणूनच मला चौथा भाग फसवणूक वाटत नाही. दाखवायची झुंज त्याने दाखवलीच, फक्त माणूस वेगळा. नानामी, शिचिकाची आजारी बहीण, जे पाहील ते आत्मसात करते. तीन निंजांना ती ज्या सहजतेने संपवते त्यातून तिचं भयानक सामर्थ्य कळतं आणि तीन महिन्यांनी सातव्या भागात तीच तलवार घेऊन भावासमोर उभी राहते. तिथे तोसाच्या देवळात भावाच्या हातून बहीण मरते. चौथा भाग साबीवर खर्च केला असता तर सातवा भाग एका अनोळखी बाईच्या मरणाचा ठरला असता. कादंबरीच्या चौथ्या खंडातही हाच डाव आहे. पडद्यावर झलक दाखवून तो अधिक टोचला एवढंच.

अकराव्या भागाच्या शेवटी तोगामेला गोळ्या लागतात. बाराव्याच्या सुरुवातीला ती शिचिकाच्या हातात मरते, आणि मरताना पुष्कळ बोलते. सगळं डावपेचाचाच भाग होतं, बारा तलवारी हाती आल्यावर तुलाही मारणार होते, माझं हसणं-रडणंही मी हिशोबात धरलं होतं, आणि तरीही तुझ्या प्रेमात पडले, असं ती सांगते. यावर प्रेक्षक दुभंगले. वर्षभर सोबत केलेलं पात्र असं मारणं काहींना क्रूर वाटलं, काहींना तिची कबुली पूर्वीच्या सगळ्या गोड क्षणांवर बोळा फिरवणारी वाटली. मला उलट वाटतं. ती खोटं बोलून, समजूत घालून मरू शकली असती. आयुष्यभर शब्दांनी डाव टाकणाऱ्या बाईने शेवटी शब्द पहिल्यांदा डावाशिवाय वापरले.

त्यानंतर शिचिका ओवारीच्या किल्ल्यात शिरतो. जमवलेल्या अकरा तलवारी शोगुनच्या अकरा रक्षकांच्या हाती आहेत. ज्यांनी वर्षभर लढाया मागितल्या त्यांना आता एकामागून एक अकरा मिळतात, आणि त्या भराभर संपतात. तलवार मोडायची नाही, स्वतःला जपायचं, ही तोगामेची बंधनं उरलेली नाहीत. एकेक महिना ज्या पात्यासाठी प्रवास केला, बोलणी केली, माणसं मारली, ते पातं क्षणात तुटतं. इथे कोणी वाटाघाट करत नाही, कोणी चाली सुचवत नाही, कोणी अहवाल लिहीत नाही. शिचिका इतका ताकदवान आधीही होता. मधल्या अकरा महिन्यांत तोगामेच्या बोलण्याने ही ताकद अडवून धरली होती, वळवली होती, माणसात आणली होती, हे त्या भागात कोणी सांगत नाही आणि तरी स्वच्छ कळतं. तलवारपटात याहून भेदक अशी लढाई मी फार थोडी पाहिली आहे.

मालिकेचं पुढचं आयुष्य बरं गेलं. २०१३ मध्ये फुजी टीव्हीने प्रौढ प्रेक्षकांसाठी राखलेल्या ‘नोइतामिना’ या रात्रीच्या वेळेत ती पुन्हा दाखवली, या वेळी दर आठवड्याला. अमेरिकेत तिच्या डिस्क आधीच निघाल्या होत्या, आणि २०१८ पासून कादंबऱ्यांचा इंग्रजी अनुवादही आला. आपल्याकडचा प्रेक्षक ती बहुधा इंग्रजी सबटायटल वाचत पाहतो, म्हणजे तोगामेच्या वेगाने वाचत. शब्दांचे खेळ निम्मे निसटतात आणि चित्राकडे पाहायला डोळे उरत नाहीत. बोलण्याचा जाच वाटण्यात याचाही हात आहे, जपानी प्रेक्षकाला हा त्रास नव्हता. दुसरं असं की आज लोक बाराही भाग एका सुट्टीत संपवतात. महिन्याभराच्या अंतराने जी थट्टा पुन्हा भेटल्याचा आनंद देत होती ती सलग पाहताना पुनरुक्ती होते, आणि चौथ्या भागाचा चटका तर लागतच नाही, कारण पुढचा भाग एका बटणावर असतो. महिन्याला एक हे आता कोणाकडून होणार नाही. पण नव्याने पाहणाऱ्याला माझं सांगणं आहे की दिवसाला एकापेक्षा जास्त भाग लावू नका, आणि सहावा संपल्यावर आठवडाभर थांबा; सातवा त्या थांबण्याच्या लायकीचा आहे.